मदत हवी आहे : समुपदेशन केंद्रात रात्रीच्या मेसेजचं काय करता?

ठाणे-नवी मुंबईतल्या समुपदेशक, नर्स, समाजसेवक मंडळींना विचारायचंय. वाशीच्या केंद्रासाठी नियम लिहितोय. कामाचं सिम वेगळं, व्हॉट्सॲप बिझनेसवर रात्री 8 नंतर आपोआप जाणारा निरोप, त्यात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 (चोवीस तास, मोफत), इथवर ठरलंय. हे पहिल्याच भेटीत सांगून सही घ्यायची. मध्येच सांगितलं की समोरच्याला झिडकारल्यासारखं वाटतं. खरी गोची पुढेच. रात्री 11 ला ‘दोनच मिनिटं’ म्हणून एकदा उत्तर गेलं, की नियम मोडीत निघाला म्हणून समजा. पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असलेला मेसेज सकाळपर्यंत तसाच कसा ठेवायचा? तुमच्याकडे रात्रीचा फोन आळीपाळीने असतो का? त्याचे पैसे देता का? कुणाकडे लेखी मसुदा असेल तर प्लीज टाका.