एट-ए, एमबीडीए आणि आमची सहा माणसांची फर्म (मेरीलँड, अमेरिका)

मेरीलँडची सांगलीकर (१२ सप्टेंबर २०२४)

नमस्कार. आमची सहा माणसांची छोटी कंपनी आहे. प्रयोगशाळांतले पिपेट आणि तराजू कॅलिब्रेट करून देतो, म्हणजे ते अचूक मोजतात का ते तपासतो. या कामाचं आयएसओ १७०२५ मानांकन आहे. ६० टक्के मालकी माझी, बाकी यजमानांची. मी २०१९ पासून इथली नागरिक. आजवर सगळी खासगी कामं केली, आता सरकारी प्रयोगशाळांची करायची आहेत. "मायनॉरिटी-ओन्ड आहात, मदत मिळेल" असं जो तो सांगतो. प्रत्यक्षात एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. तीन आठवडे गेले. भारतीयांना एट-ए (वंचितांच्या लहान उद्योगांना केंद्र सरकारची कंत्राटं देणारी योजना) अजून मिळतं का? आणि कायद्याने ही खाती एकमेकांशी बोलायला बांधलेली आहेत की नाहीत?

टेक्सासवासी (१२ सप्टेंबर)

आमच्याकडच्या कोर्टाने मार्चमध्ये एमबीडीए (अल्पसंख्याक वंशांच्या उद्योगांना मदत करणारं केंद्रीय खातं) बंद केली. वेळ घालवू नका, खासगी कामंच वाढवा.

बाल्टिमोर रात्रपाळी (१३ सप्टेंबर)

ताई, आधी एक गैरसमज दूर करतो. एमबीडीए बंद झालेली नाही. नुसत्या वंशावरून कोणाला वंचित धरून मदत द्यायची नाही, असा तो निकाल आहे. निक्सन यांच्या १९६९ च्या आदेशातून हे खातं उभं राहिलं, आणि स्वतःचा कायदा त्याला मिळाला थेट २०२१ मध्ये, पायाभूत सुविधांच्या मोठ्या कायद्यातून. तिथे सल्ला मिळतो, ओळखी होतात. कंत्राटांसाठीचं एट-ए वेगळं, ते एसबीएचं, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या केंद्रीय खात्याचं. तिथेही यादीतल्या वंशांचे लोक वंचितच धरायचे, ते गृहीतक टेनेसीच्या कोर्टाने जुलै २०२३ मध्ये काढून टाकलं.

भारतीय उपखंडातले लोक त्या यादीत १९८२ मध्ये आले, इथल्या भारतीयांच्या संघटनेने मागणी केल्यावर. मी २००७ मध्ये अर्ज केला तेव्हा खूण केली की काम व्हायचं. आता आपण कसे वंचित राहिलो याचं निवेदन प्रत्येकाने लिहायचं, आणि आपली माणसं अडखळतात ती इथेच. त्यात अमेरिकेत घडलेलंच चालतं. गावी सोसलेली गरिबी, जात, मुलगी म्हणून थांबलेलं शिक्षण, यातलं काहीही धरलं जात नाही. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका बाईंनी त्यांचं निवेदन वाचायला दिलं. चारांपैकी तीन पानं सोलापूरची होती. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, आणि तीच पानं काढा असं मला सांगावं लागलं. उरलेल्या एका पानावर होतं की इथल्या एका बँकेत कर्ज मागायला गेल्यावर त्यांना दोनदा "मालकांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं. आम्ही तेच पान वाढवलं. कोणत्या महिन्यात, कोण बोललं, कर्ज न मिळाल्याने मशीन किती उशिरा आलं, त्यात कोणतं काम हातचं गेलं. तुम्हीही असंच लिहा. दुसऱ्याचं निवेदन उतरवून घेऊ नका.

खाती बांधलेली आहेत का? आहेत. स्मॉल बिझनेस ॲक्टच्या कलम ८(ए) वरूनच हे नाव पडलं. काम असलेलं खातं करार करतं एसबीएशी आणि एसबीए ते काम आपल्याला देते, अशी मूळ रचना आहे. १९७८ च्या दुरुस्तीने मोठ्या केंद्रीय खात्यांत लहान उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय आणलं, ओएसडीबीयू. तुम्ही ज्या दारांत गेलात त्यांत हे होतं का? तुमच्या प्रयोगशाळा ज्या खात्याच्या आहेत, त्या खात्याचं ओएसडीबीयू शोधा.

पण कायदा असला तरी फाइल आपली आपण हलत नाही. माझं प्रमाणपत्र सव्वा वर्ष नुसतं पडून होतं. मग एका सरकारी इमारतीचं सफाईचं कंत्राट कधी संपतंय ती तारीख मी शोधून काढली. आठ महिने आधी ओएसडीबीयूतल्या बाईंना पत्र दिलं की हे काम एट-ए मधून द्या, आम्ही करू शकतो. त्याच दिवशी तेच पत्र एसबीएतल्या माझ्या अधिकारीबाईंना दिलं, दोन्ही पत्रांत दोघींची नावं आणि फोन घालून. चौथ्या दिवशी त्या दोघी फोनवर बोलल्या. रात्रपाळीचं ते काम आम्ही पाच वर्षं केलं.

आणि कळकळीने सांगतो, घाई करू नका. एट-ए ची नऊ वर्षं आयुष्यात एकदाच मिळतात. समोर काम दिसत नसताना प्रमाणपत्र घेतलंत तर माझ्यासारखी त्यातली वर्षं वाया जातील. (ग्रीन कार्डवर वाचणाऱ्यांसाठी: एट-ए ला नागरिकत्व लागतं.)

शार्लटची माई (१३ सप्टेंबर)

६० टक्के मालकी तुमची आहे, तर महिला-मालकीचं प्रमाणपत्रही घ्या, एसबीए फुकट देते. तिथे वंशाचा प्रश्न येत नाही. आणि सध्या, २०२४ मध्ये, १० हजार ते अडीच लाख डॉलरची सरकारी खरेदी साधारणपणे लहान उद्योगांसाठीच राखीव असते, त्यासाठी एट-ए लागत नाही. तुमचं काम बहुधा त्यातच बसेल. अर्ज भरायला ॲपेक्स ॲक्सिलरेटर हे मदतकेंद्र गाठा. पैसा संरक्षण खात्याचा, पण मदत सगळ्या खात्यांच्या कामांना, तीही विनामूल्य.

बाल्टिमोर रात्रपाळी (१३ सप्टेंबर)

माईंचं बरोबर आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं.

मेरीलँडची सांगलीकर (९ एप्रिल २०२५)

उशिरा लिहितेय, पण तुम्हा दोघांना कळवल्याशिवाय राहवेना. मार्चमध्ये एमबीडीए कमीत कमी पातळीवर आणायचा आदेश निघाला, म्हणजे तो रस्ता तूर्त धरू नये. महिला-मालकीचं प्रमाणपत्र जानेवारीत आलं. काका, तुम्ही सांगितलं तसं ओएसडीबीयूला पत्र दिलं, आणि एकाच प्रयोगशाळेचे २१२ पिपेट मिळाले, १८,४०० डॉलरचं काम. गेल्या गुरुवारी शेवटची पेटी परत पोचवली. एट-ए चा अर्ज अजून केलेला नाही, पुढच्या वर्षी संपणारी दोन कंत्राटं तेवढी हेरून ठेवली आहेत. निवेदनाचं एक पान झालंय. त्यातला पहिला परिच्छेद सांगलीचा होता, तो काल काढला. उरलेलं एकदा वाचाल का?