नववीचा ओहमचा नियम: आधी तार की आधी पडदा?

प्रयोगवही

नववीच्या 'धाराविद्युत' प्रकरणातला ओहमचा नियम (तारेतली धारा विभवांतराच्या, म्हणजे व्होल्टच्या, प्रमाणात वाढते; विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, तो स्थिर राहतो) हल्ली बऱ्याच वर्गांत स्मार्ट बोर्डावर उरकला जातो. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) उघडायचं, घट आणि रोध ओढून जोडायचे, आकडे फळ्यावर लिहायचे. दहा मिनिटांत नियम सिद्ध! पण तिथे सिद्ध काय झालं? सूत्र प्रोग्राममध्ये आधीच लिहिलेलं आहे, पडदा तेच परत वाचून दाखवतो. नियम खरा आहे की नाही हे तारेला विचारावं लागतं.

आणि तारेला विचारणं महाग नाही. 30 गेजची नायक्रोम तार 1 मीटर घ्या, तिचा रोध साधारण 14 ओहम भरतो. पेन्सिल सेल चार, चार खणांचं होल्डर एक, मगरचिमटे असलेल्या वायरी चार-पाच आणि डीटी-830 जातीचा साधा डिजिटल मल्टिमीटर (धारा आणि विभवांतर दोन्ही मोजणारा मीटर). तार पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा, पण कडेला सेंटीमीटरभर अंतराने खाचा पाडून. उघडे वेढे एकमेकांना टेकले की मधली तार शॉर्ट होते आणि रोध मोजणीगणिक बदलत राहतो. नायक्रोमला साधं डाग काम (सोल्डरिंग) धरत नाही, म्हणून टोकं इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या स्क्रू कनेक्टरमध्ये आवळा. मग एक सेल, दोन सेल, तीन, चार. धारा साधारण 0.10, 0.20, 0.30, 0.40 ॲम्पिअरच्या आसपास येते. आलेख मुलांनीच काढायचा. पडद्यावरचं सिम्युलेशन हवं तर नंतर.

चौकोनी_पडदा

यादी छान आहे. आता 60 मुलांचा वर्ग आणि 35 मिनिटांचा तास धरा. पाच-पाचांचे बारा गट म्हणजे 12 मल्टिमीटर, 48 सेल, 60 वायरी. जोडणी होईपर्यंत वीस मिनिटं जातात. त्यात दोन गटांचे सेल उलटे बसलेले, एकाची होल्डरची स्प्रिंग गंजलेली, आणि एकाने धारेच्या खणावर (म्हणजे धारा मोजायच्या रेंजवर) मीटर ठेवून थेट सेलला समांतर लावलेला.

या शेवटच्या चुकीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिने तास जातो. 200 मिलिॲम्पिअरच्या खणावर असं केलं की आतला फ्यूज उडतो. मीटर मरत नाही, विभवांतर अगदी बरोबर दाखवतो, फक्त धारा शून्य. मुलांना वाटतं तार तुटली आहे, आणि उरलेला तास ती तारच तपासत बसतात. 10 ॲम्पिअरच्या भोकात लाल वायर ठेवून हाच प्रकार केला तर स्वस्त मीटरमध्ये बहुधा तिथे फ्यूजच नसतो. सेल शॉर्ट होतात, वायर तापते.

पडद्यावर हे सगळं चुकवून मुद्द्यावर जाता येतं. आणि हे माझं मत नाही. 2005 साली कोलोरॅडोच्याच संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते, एकाला खरी उपकरणं, दुसऱ्याला सिम्युलेशन. सिम्युलेशनवाला गट संकल्पनांच्या प्रश्नांत तर पुढे राहिलाच, पण खरा परिपथ जोडायला दिला तेव्हाही सरस ठरला. आधी पडदा, मग तार, असाच याचा अर्थ मी घेतो.

काळा_फळा

तो अभ्यास पूर्ण सांगा की. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते आणि त्यांनी सिम्युलेशन स्वतः हाताळलं होतं. आपल्याकडे माउस सरांच्या हातात आणि साठ जण बघ्ये. त्या अभ्यासाने हाताळण्याची बाजू घेतली आहे, बघण्याची नव्हे.

प्रयोगवही

काळा_फळा यांच्याशी सहमत. आणि चौकोनी_पडदा, फ्यूजचा उपाय फार सोपा आहे: धारा मोजायला मीटरच हलवू नका. गटाला दोन मीटर द्या, एक 10 ॲम्पिअरच्या भोकात वायर घालून परिपथात एकसर, दुसरा 20 व्होल्टच्या खणावर तारेला समांतर. दोन्हींच्या कळेवर चिकटपट्टी लावून टाका, फिरवायचीच नाही. साधा मीटर दोनशे-अडीचशे रुपयांच्या घरात मिळतो. बारा गटांना 24, म्हणजे पाच-सहा हजार. स्मार्ट बोर्डाच्या किमतीपुढे हा खर्च मोजायचा तरी का?

चौकोनी_पडदा

दोन मीटर दिलेत, मान्य. आता त्यावर येणारे आकडे बघा. 10 ॲम्पिअरच्या खणावर डीटी-830 शतांशापर्यंतच दाखवतो. 0.10 म्हणजे शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे. एका सेलला 1.45 व्होल्ट धरले तर विभवांतर भागिले धारा कधी 13 येईल, कधी 16. चार सेलना 14 च्या जवळ. चौदा वर्षांचं मूल यातून काय शिकेल? 'रोध स्थिर नसतो.' म्हणजे नेमकं उलटं.

200 मिलिॲम्पिअरच्या खणावर अचूकता मिळेल असं वाटतं, पण तिथे मीटरचाच रोध ओहमभर असतो. 14 ओहमच्या तारेसमोर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि दोन सेलच्या पुढे गेलात की खण ओलांडला.

तारजोड

चौकोनी_पडदा यांचा आकड्यांचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. प्रत्येक ओळीचा भागाकार काढायला लावणं हीच चूक आहे, आणि ती मुलांच्या प्रयोगाच्या वहीतल्या छापील तक्त्यामुळे होते. तक्त्यात शेवटचा रकाना 'रोध' असतो, मग मुलं चार वेगळे रोध काढून सरासरी घेतात. तो रकाना खोडा. चार बिंदू आलेखावर मांडा, प्रत्येक बिंदूला धारेच्या बाजूने एका शतांशाची छोटी रेघ दोन्हीकडे काढा, आणि शून्यातून जाणारी सरळ रेषा त्या सगळ्या रेघांतून जाते का ते बघा. जाते. आणि पहिला बिंदू सर्वांत कमी भरवशाचा का, हे मुलाला न सांगता दिसतं.

आणखी दोन गोष्टी. वाचन घेताना परिपथ तीन-चार सेकंदच जोडा. साधे झिंक-कार्बन सेल 0.4 ॲम्पिअर देताना बसत जातात, आकडा सरकत राहतो, मग मुलं मनाला येईल तो आकडा लिहितात. दुसरं, प्रत्येक वाचनाला दोन्ही मीटर एकाच क्षणी वाचायचे, एकाने धारा, एकाने विभवांतर. सेल बसला तरी दोन्ही आकडे एकत्र घसरतात, बिंदू रेषेवरच राहतो.

चौकोनी_पडदा

हे चांगल्या शिक्षकाच्या हातात जमेल. पण ओहमचा नियम सोडा. मुलांच्या डोक्यातली मोठी गाठ वेगळी आहे: दिव्यात धारा 'खर्च होते', दिव्याच्या अलीकडे जास्त आणि पलीकडे कमी. ही गाठ तारेने सुटत नाही, कारण तारेत काही दिसतच नाही. पडद्यावर निळे गोळे दिव्यात शिरताना आणि बाहेर पडताना त्याच वेगाने सरकताना दिसतात.

प्रयोगवही

आणि तेच गोळे दुसरी गाठ मारतात. पडद्यावर ते सेकंदाला काही सेंटीमीटर सरकतात. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 0.3 ॲम्पिअर धारा असताना इलेक्ट्रॉन मिनिटाला जेमतेम सव्वा मिलिमीटर पुढे जातो. पडदा बघितलेलं मूल मग सांगतं, 'इलेक्ट्रॉन सेलपासून पळत दिव्यापर्यंत पोचला की दिवा लागतो.' कळ दाबताच दिवा का लागतो, याचं उत्तर त्या गोळ्यांकडे नाही.

धारा खर्च होत नाही हे दाखवायला दोन मीटर पुरे, दिव्याच्या एकेका बाजूला एक.

चौकोनी_पडदा

जरूर लावा! स्वस्त मीटर आहेत, एक 0.28 दाखवेल, दुसरा 0.29. वर्गातून लगेच आवाज येईल, 'बघा सर, कमी झाली!' साठ मुलांसमोर तुम्ही त्यांचा गैरसमज प्रयोगाने पक्का केलात.

तारजोड

मीटरांची अदलाबदल करा ना. फरक दिव्यामुळे असेल तर पलीकडचं वाचन अजूनही कमीच येईल. मीटरमुळे असेल तर 0.28 त्या मीटरसोबत अलीकडे येईल. येतोच. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा पाच मिनिटांचा भाग आहे. दोष उपकरणाचा की निसर्गाचा, हे कसं ओळखायचं ते इथे कळतं, आणि सिम्युलेशनमध्ये हे शिकवता येत नाही, कारण तिथले दोन्ही अमीटर (धारा मोजणारे मीटर) नेहमी एकमेकांशी सहमत असतात.

फोनवाला

तुम्ही सगळे डिजिटल म्हणजे फक्त चित्र धरून बोलताय. फोन मोजतोही. आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या, चुंबकमापीचं पान उघडा. सरळ तारेपासून 2 सेंटीमीटरवर 0.3 ॲम्पिअरने फक्त 3 मायक्रोटेस्ला मिळतात, ते कंपनांत हरवतात. तारेचे 10 वेढे एकत्र बांधले की 30 च्या आसपास जातं आणि कळ दाबताच आलेख पायरी चढतो. त्या आधी फोनमध्ये संवेदक कुठे आहे ते शोधा: छोटा चुंबक पाठीवरून हळू फिरवा, आकडा जिथे सर्वांत वर जाईल ती जागा पेन्सिलीने खुणवा. बाकाला लोखंडी पाय असतील तर फोन एकदा ठेवला की हलवायचा नाही, नाहीतर पायरी कशामुळे आली ते कळणार नाही. अगदी स्वस्त फोनमध्ये हा संवेदक नसतोच, म्हणून आदल्या दिवशी तपासा.

काळा_फळा

दहा वेढे, खुणा, लोखंडी बाक, आदल्या दिवशीची तपासणी. हे सगळं करणाऱ्या शिक्षकाला परीक्षेत काय मिळतं? होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम मध्य प्रदेशात 1972 पासून 2002 पर्यंत चालला, मुलं लहान गटांत प्रयोग करायची. पण तिथे परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून आणि प्रत्यक्ष प्रयोगाची होती. आपल्या लेखी पेपरात 'ओहमचा नियम लिहा' हा प्रश्न आहे तोवर तुमच्या दोन्ही बाजूंना वर्गात जागा मिळेल असं मला वाटत नाही.

तारजोड

लेखी पेपर मंडळाचा असतो, पण नववीची परीक्षा शाळाच घेते. तिथल्या एका प्रश्नाने सुरुवात करता येते: तक्ता द्या, त्यात एक वाचन मुद्दाम रेषेबाहेरचं ठेवा, समजा 2.85 व्होल्टला 0.27 ॲम्पिअर, आणि विचारा, 'या वाचनात चूक काय झाली असावी? ती तपासायला काय कराल?' ज्याने वेढे टेकलेले पाहिले आहेत त्याला उत्तर सुचतं.

चौकोनी_पडदा

हाच प्रश्न मी सिम्युलेशन शिकलेल्या वर्गालाही देईन. तिथे रोधाची पट्टी 10.5 वर सरकवली की हेच वाचन येतं, म्हणजे रोध कमी झाला हे तेही ओळखतील. मग बघू कोणाचे पेपर चांगले येतात.

तारजोड

रोध कमी झाला हे ओळखतील. तो कशाने झाला हे मी विचारलंय, आणि पट्टी कोणी सरकवली हे त्याचं उत्तर नव्हे.