कास्त्रो बिशपला स्वातंत्र्यवीर म्हणणं थांबवा

घाटवाट: परवा इथेच एकाने लिहिलं, 'बिशप मातेउस द कास्त्रो हा गोव्याचा पहिला स्वातंत्र्यवीर.' वाचून डोकं सणकलं. दिवाडी बेटावरच्या या बामण ख्रिस्तावाला गोव्यात पाद्रीपद नाकारलं, म्हणून तो रोमला गेला आणि १६३७ ला लॅटिन पंथाचा पहिला भारतीय बिशप झाला. सगळं कबूल. पण १६५३ चं त्याचं बंडाचं लिखाण कोणासाठी? नावच 'ब्राह्मणांचा आरसा'! चारडो (म्हणजे ख्रिस्ताव क्षत्रिय), कुणबी, गावडे यांचं काय? स्वतःचा अपमान झाला म्हणून जातभाईंना हाक घातली, ही देशभक्ती नव्हे.

तेरेखोलकाठ: मग बिचाऱ्याने करायचं काय? रोमची पत्रं हातात असूनही गोव्यातल्या गोऱ्या पाद्र्यांनी त्याचे अधिकार मानले नाहीत. आदिलशाही मुलखात डिचोलीला राहून त्याने देशी पाद्री घडवले. त्या काळी हे करणारा दुसरा कोण होता, दाखवा.

घाटवाट: घडवले, पण कोणत्या जातीचे? पुढे ओरेटरीत, म्हणजे देशी पाद्र्यांच्या संघात, फक्त बामणांनाच घ्यायचे, तेव्हा चारडोंना चिंबलला वेगळा कार्मेलाइट संघ काढावा लागला. माझ्या आत्येबहिणीचं लग्न याच बामण-चारडो वादावर मोडलं. दोन्ही घरं रविवारी एकाच इगर्जीत मिसाला बसतात. तेव्हा 'चार शतकांपूर्वीची गोष्ट' असं मला सांगू नका.

नार्वेकाठी: मूळ मुद्दा सगळेच विसरताय. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं कोणी? लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात न्यावं लागलं. १६६८ ला शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, आणि बिशपसाठी गळे काढता!

तेरेखोलकाठ: देऊळ पाडलं तेव्हा कास्त्रो जन्मलाही नव्हता. त्याचं खापर त्याच्यावर कसं फोडता?

नार्वेकाठी: त्याच्यावर नाही, त्याच्या चर्चवर. माझी आजी फेरीत बसली की पलीकडे दिवाडीकडे हात जोडायची. देऊळ गेलं तरी जागा देवाचीच, म्हणायची. तुम्हाला ते कळणार नाही.

तेरेखोलकाठ: कळणार का नाही? माझी आजीही दिवाडीचीच, ख्रिस्ताव, आणि तीही त्या जागेला हात जोडायची. श्रद्धेचा मक्ता एकट्याने घेऊ नका! आणि नीट बघा, तुमचा देव आणि आमचा बिशप, दोघेही पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटून एकाच डिचोलीत गेले.

नार्वेकाठी: देवाला भक्तांनी उचलून नेलं, बिशप आपल्या पायांनी गेला. बरोबरी करू नका. पण डिचोलीचं खरं आहे, ते नाकारत नाही.

रापणकार: देवळाचं आटपलं असेल तर वेंगुर्ल्याचं बोला. तिथल्या डच वखारीशी कास्त्रोचं सूत होतं. १६५४ ला आदिलशाही फौज पोर्तुगिजांच्या बारदेशात घुसली, त्या कटातही त्याचं नाव येतं. परक्याला घरात बोलावणारा वीर कसला?

तेरेखोलकाठ: घर होतंच कुठे त्याचं? पोर्तुगीज काय आपले होते? अखेर १६७७ ला रोममध्येच मेला. दिवाडीची माती काही नशिबात नव्हती.

घाटवाट: गद्दार मीही म्हणणार नाही, एवढं तुमचं मान्य. पोर्तुगिजांना नडला, हेही मान्य. पण स्वातंत्र्यवीर? त्या आरशात गावड्याचं तोंड दाखवा, मग बोलू. आणि नार्वेकाठी, सप्तकोटेश्वराचा वेगळा धागा काढा, तिथे येतो.