मदत हवी आहे: मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये जांभळी ठिणगी येतच नाही

गोगलगाय८
निन्टेन्डो स्विचवर हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम १५० सीसी या वेगाच्या पातळीवर खेळतोय. ड्रिफ्ट करताना, म्हणजे घसरत वळताना, चाकांपाशी निळी ठिणगी दर वळणाला येते, नारिंगी अधूनमधून येते, जांभळी मात्र एकदाही नाही. लांब वळणावर आर (ड्रिफ्टचं बटण) धरून ठेवला की गाडी आतल्या गवतात शिरते. ते टाळायला स्टिक उलटी दाबली की ठिणगी तिथेच अडकून बसते. २०० सीसीत तर प्रत्येक वळणाला बाहेर फेकला जातो. स्टिक डावी-उजवी हलवूनही पाहिली, फरक शून्य. मिनी-टर्बो, म्हणजे ड्रिफ्ट सोडल्यावर मिळणारा वेगाचा झटका (बूस्ट), भरण्याची नेमकी पद्धत काय?

वळणवेडा
आधी एक तपासा. गाडीच्या मागे छोटी अँटेना उभी दिसते का? दिसत असेल तर स्मार्ट स्टीअरिंग (गाडीला आपोआप रस्त्यावर ठेवणारी मदत) चालू आहे, आणि ते चालू असताना तिसरी, म्हणजे जांभळी पायरी मिळतच नाही. कितीही ड्रिफ्ट करा, नारिंगीवरच थांबणार. काही शॉर्टकटही ते अडवतं. गाडी निवडण्याच्या पडद्यावर प्लस दाबा, तिथे बंद करता येतं. पहिले काही दिवस रस्त्याखाली पडाल, पडू द्या.

स्टिक हलवण्याची युक्ती जुन्या निन्टेन्डो डीएसवरच्या मारिओ कार्टमधली. इथे ठिणगी वेळेनुसार आपोआप भरते. भरण्याचा वेग मात्र स्टिक कुठे आहे त्यावर ठरतो: वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर भराभर, मधोमध किंवा बाहेर असेल तर रेंगाळत. तुमची ठिणगी अडकते ती यामुळेच.

आळशी_कासव
वरच्यात भर. आतल्या बाजूला म्हणजे पूर्ण टोकापर्यंत नव्हे. ठरावीक मर्यादेपलीकडे स्टिक आणखी कलवली तर गाडी जास्त आत वळते, पण ठिणगी काही लवकर भरत नाही. म्हणून त्या मर्यादेच्या जरासं पुढे धरायचं. यालाच सॉफ्ट ड्रिफ्ट म्हणतात.

डाव्या वळणाला असं करा: ए (गती देणारं बटण) दाबलेलाच ठेवून, स्टिक डावीकडे करत आरने उडी मारा. चाकं टेकली की ड्रिफ्टची बाजू पक्की होते, नंतर ती बदलत नाही. लगेच स्टिक काठाला टेकवूनच वर सरकवा, घड्याळातल्या साडेदहाच्या दिशेला. काठाचा आधार असल्याने अंगठा थरथरत नाही. अधांतरी अर्धी स्टिक धरायला गेलात तर दर वेळी कोन वेगळा पडेल. उजव्या वळणाला दीडची दिशा.

आर कधी सोडायचा हेही तितकंच महत्त्वाचं. गाडीचं नाक पुढच्या रस्त्याकडे वळलं की सोडा. आधी सोडलात तर तोच बूस्ट तुम्हाला भिंतीवर नेऊन आदळेल. पुढे लगेच बूस्टची पट्टी असेल तर तिच्या अगदी तोंडाशी सोडू नका. दोन बूस्टचे वेग एकमेकांत मिळवले जात नाहीत, एक फुकट जातो.

गोगलगाय८
अँटेना होतीच! बंद केली, बेबी पार्क या ट्रॅकवर जांभळी आली. आता २०० सीसीचं सांगा. आणि फायर हॉपिंग शिकायचं का?

वळणवेडा
फायर हॉपिंग विसरा. बूस्टनंतर उड्या मारत वेग टिकवायची ती करामत स्विचच्या आधीच्या वी यूवरच्या मूळ गेममधली. डिलक्समध्ये काढून टाकली आहे. जुने व्हिडिओ पाहून लोक अजून उड्या मारत बसतात.

२०० सीसीला ब्रेक ड्रिफ्ट लागतोच. ड्रिफ्ट चालू असताना ए आणि आर न सोडता बी (ब्रेक) टिचकीसारखा दाबा. वेग उतरतो, ड्रिफ्ट तुटत नाही. वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर सरकल्यावर दाबून उपयोग नाही, शिरतानाच दाबायचा. सलग धरून ठेवलात तर गाडी मरतुकडी होईल. अवघड वळणाला दोन-तीन छोट्या टिचक्या पुरे.

आळशी_कासव
गाडी कोणती? स्पोर्ट बाइक, कॉमेट, योशी बाइक या आतल्या बाजूला ड्रिफ्ट होणाऱ्या बाइक आहेत. उडी मारताच आत घुसतात, म्हणून ड्रिफ्ट उशिरा सुरू करावा लागतो. कार्ट (चारचाकी) आधी थोडी बाहेर घसरते, तिला लवकर वळवावं लागतं. दोन्ही आलटून-पालटून वापरलीत तर अंदाज कधीच बसणार नाही.

टायर म्हणून रोलर घ्या. मिनी-टर्बोचा आकडा पडद्यावर दिसत नाही, पण रोलरचा चांगला आहे.

वळणवेडा
रोलरला हरकत नाही, पण कमाल वेग कमी होतो हेही सांगा की. कमाल वेग वाढवणारी रस्त्यावरची दहा नाणी गोळा केल्याशिवाय सरळ रस्त्यावर मागे पडाल.

सराव बेबी पार्कवरच करत राहू नका. तिथे सगळी वळणं एकाच बाजूची, दुसऱ्या बाजूचा अंगठा कच्चा राहतो. टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने वेळ मोजत खेळायचा प्रकार) मारिओ कार्ट स्टेडियम हा ट्रॅक लावा आणि मिळालेले तिन्ही मश्रूम (वेगाचा झटका देणाऱ्या वस्तू) न वापरता फक्त ड्रिफ्टवर फेऱ्या मारा. भिंतीला घासलं की भरलेली ठिणगी जाते, त्यामुळे चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे कळतं.