मदत हवी आहे: ३ किलोवॉट सोलर, ऑन-ग्रिड की हायब्रीड? आणि वादळात टिकणारं स्ट्रक्चर?

नमस्कार मंडळी. घर यावल तालुक्यात, महिन्याला साधारण ३०० युनिट लागतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट बसवायचं ठरवलंय. ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यासाठी पॅनल भारतीय बनावटीचेच हवेत, एवढं समजलं.

अडचण लाइट जाण्याची आहे. लाइट गेली की ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टरही बंद पडतो, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. ते योग्यच आहे. पण मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते आणि आईला कूलरशिवाय राहवत नाही, तिचं वय झालंय. म्हणून हायब्रीडचा, म्हणजे लाइनसोबत बॅटरीही असलेल्या सोलरचा विचार आहे. पण आपल्याकडच्या ४५ अंशांत लिथियम बॅटरी कशी टिकते? जिन्याखाली ठेवली तर चालेल का? विक्रेत्यांचं ऐकून झालंय, आता वापरणाऱ्यांचं ऐकायचंय.

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच हवंय. उंचीमुळे पॅनलखाली हवा खेळते, ते कमी तापतात, हा फायदाही आहेच. पण पावसाळ्याआधीचं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, तिथे एवढ्या उंच पॅनलचं काय? स्लॅब जुना आहे, ड्रिल करून अँकर ठोकले तर गळेल अशी भीती वाटते. नुसते काँक्रीटचे ठोकळे पुरतात का?

रावेर, चोपडा, शहाद्याकडे कुणी असं उंच स्ट्रक्चर बसवलं असेल तर पायांच्या जोडाचे फोटो नक्की टाका.