मदत हवी आहे: उद्या संध्याकाळी धबधब्यावर जावं का?

आभाळवेडी: मी आणि मैत्रीण फिरायला आलोय. परवा इथून निघायचंय, म्हणून उद्या संध्याकाळीच धबधबा करायचा बेत आहे. ती म्हणते तासाभरात पोचू. मला अंधाराची धास्ती वाटतेय. जावं का? आज रात्रीच ठरवायचंय, पटकन सांगा.

रानवाट: अंतर किती? चढ किती? सूर्यास्त कधी? यातलं काहीच लिहिलेलं नाही, काय सांगणार?

आभाळवेडी: जायला चार किलोमीटर, तीनेकशे मीटर चढ. सूर्यास्त साडेसहाला. तिचं ऑनलाइन काम साडेचारला संपतं, पाचला निघू.

रानवाट: डोंगरात चालायला किती वेळ लागेल, याचा नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा आडाखा अजून कामाला येतो. ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला वरचा एक तास. म्हणजे तुम्हाला जवळपास ८० मिनिटं, तीही कुठे न टेकता. सहा वीसला पोचाल, घळीतलं ऊन त्याआधीच गेलेलं असेल. परतीची सगळी वाट अंधारात.

मुसाफिर: अंधाराचा एवढा बाऊ कशाला? दोघींना दोन हेडटॉर्च घ्या, हात मोकळे राहतात. मी कित्येकदा रात्री उतरलोय.

खडकमाळ: ओळखीच्या वाटेवर उतरला असाल. कपाळावरचा उजेड नजरेच्या रेषेतच पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डा-उंचवटा सगळं सपाट भासतं. त्यात ओल्या कातळावरचं शेवाळ.

मुसाफिर: मग टॉर्च हातात, कमरेशी धरा. सावल्या दिसतात. यासाठी बेत रद्द करायची गरज नाही.

निवांत: बुटांबद्दल कुणीच बोलत नाहीये. सुती मोजे घालू नका, भिजले की वाळत नाहीत आणि टाचेला फोड येतात.

छायाप्रकाश: फोटोसाठी शटर अर्ध्या सेकंदावर ठेवा, ट्रायपॉड हवाच. धबधब्याचं तोंड कुठल्या दिशेला? तुषारांत इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीशी आणि खाली हवा, क्षितिजापासून ४२ अंशांच्या आत. तोंड पूर्वेला असेल तर संध्याकाळी नुसती सावली मिळेल.

आभाळवेडी: फोटोंचं मी विचारलंच नव्हतं. पण नकाशात पाहिलं, तोंड पूर्वेलाच आहे. आणि हो, वाटेत ओढा दोनदा ओलांडावा लागतो.

खडकमाळ: अहो, हे आधी सांगायचं ना! वर डोंगरात पाऊस झाला तर खाली कोरडं असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, आवाज वाढला की लगेच उंचावर जायचं. अंधारात पाण्याचा रंग दिसणार नाही, आणि धबधब्याच्या गाजेत आवाजही कळणार नाही. संध्याकाळी जाऊच नका.

रानवाट: परवा निघणार किती वाजता?

आभाळवेडी: दुपारी दोनची बस आहे.

रानवाट: मग परवा उजाडताच चालायला लागा की. तिथे अर्धा तास बसूनही दहाच्या आत परत याल. ऊनही पाठीशी.

मुसाफिर: तरी हेडटॉर्च जवळ असूच द्या.

आभाळवेडी: मैत्रिणीला दाखवलं. इंद्रधनुष्याचं वाचून लगेच तयार झाली! पण आज दुपारपासून डोंगरावर ढग आहेत. रात्री पाऊस झाला तर ओढा ओलांडायचा की नाही, हे ठरवायचं कसं?

खडकमाळ: पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा गुडघ्यापर्यंत येत असेल तर पहिल्याच ओढ्यावरून मागे फिरा. ओढ जोरात असेल तर त्याहून कमी पाण्यातही पाय सुटतो. आणि कधी परतणार, ते मुक्कामावर कुणाला तरी सांगून निघा.