वजनकाट्याचा टर्बो सीतला प्रोग्राम लिनक्सवर नेताना जुन्या हेडर फायलींचं काय करावं?

प्रश्न (हिंगणघाट तालुका)
आमच्या गावाजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणारा प्रोग्राम डॉसवर, टर्बो सी या जुन्या कम्पायलरमध्ये (सी भाषेतल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन) लिहिलेला आहे. तो लिनक्सवर आणतो आहे. मुनीमजींच्या मॅकवरही चालायला हवा. कोनिओ.एच, बायोस.एच या हेडर फायली (तयार फंक्शनांची ओळख कम्पायलरला देणाऱ्या) कुठंच सापडत नाहीत. अ‍ॅलॉक.एचच्या जागी मॅलॉक.एच लिहिलं तर लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. व्हॅल्यूज.एचचंही तेच. दिवाळीनंतर आवक वाढते, त्याआधी व्हायला पाहिजे.

उत्तर १
त्या नावांच्या रिकाम्या फायली करून फोल्डरमध्ये टाका. एरर जाते.

उत्तर २ (दारव्हा)
रिकामी फाइल अजिबात टाकू नका भाऊ! एरर जाते, पण मॅलॉक (मेमरीत जागा मागणारं फंक्शन) काय परत देते हे कम्पायलरले कोण सांगणार? जुन्या नियमानं तो इंट (पूर्णांक) धरून चालते. ६४ बिट मशीनवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ८ बाइटचा, इंट ४ चा. अर्धा पत्ता कापला जाऊ शकते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळू शकते. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कम्पायलरनं याची थेट एरर केली, लय चांगलं केलं. आधीच्या जीसीसीत नुसती वॉर्निंग येते, अन् हंगामाच्या घाईत ती वाचते कोण?

हेडरची ओळ काढा, कम्पायल करा, कोणत्या नावावर अडते ते पाहा. मॅलॉक अन् ती जागा सोडणारं फ्री १९८९ च्या अ‍ॅन्सी सी या प्रमाणापासून स्टडलिब.एचमध्ये आहेत, सगळीकडं चालतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर तर मॅलॉक.एच घेतली की ती फाइलच स्टडलिब.एचकडं बोट दाखवून एरर देते. व्हॅल्यूज.एचमधल्या मॅक्सइंटसाठी (इंटची सगळ्यात मोठी किंमत) लिमिट्स.एच घ्या, तिथं त्याचं नाव इंट_मॅक्स. कोनिओ.एचमधल्या क्लिअरस्क्रीन (पडदा पुसणं), गोटूएक्सवायसाठी (कर्सर हलवणं) एनकर्सेस ही लायब्ररी.

प्रश्नकर्ता
आणि बायोस.एच? काट्याचं वजन त्यातल्या बायोसकॉमनं (सिरियल पोर्टचं फंक्शन) वाचलं आहे.

उत्तर २
त्याच्या जागी टर्मिओस.एच (सिरियल पोर्ट जुळवायची हेडर). लिनक्स, मॅक दोन्हीकडं आहे. यूएसबी-सिरियल तार लावून पोर्ट साध्या फाइलसारखा उघडा; बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट) काट्याच्या इंडिकेटरवर आहे तीच ठेवा. हे सगळं एकाच वेगळ्या सी फायलीत ठेवा, कोडभर इफडेफ (मशीननुसार कोड बदलणाऱ्या ओळी) पेरू नका.

खरी काळजी मले जुन्या नोंदींची वाटते. टर्बो सीत इंट २ बाइटचा, लाँग ४ चा. ६४ बिट लिनक्सवर अन् मॅकवर ४ आणि ८. नोंदी एफराइटनं (बाइट जसेच्या तसे फायलीत लिहिणारं फंक्शन) अख्खं स्ट्रक्ट (एका नोंदीच्या सगळ्या रकान्यांचा संच) लिहून ठेवल्या असतील, तर शेतकऱ्याच्या नावापुढं भलतंच वजन दिसंल. लोकाइच्या चुकाऱ्याचा प्रश्न आहे राजेहो. स्टडइंट.एचमधले इंट१६_टी, इंट३२_टी (ठरलेले २ अन् ४ बाइट) वापरा आणि स्ट्रक्ट पॅक्ड करा (रकाने चिकटून ठेवा), कारण टर्बो सी मधात रिकामे बाइट सोडत नव्हतं. मग मागच्या हंगामाची फाइल नव्या प्रोग्रामात उघडून छापील पावत्यांशी ताडून पाहा.

प्रश्नकर्ता
नोंदी एफराइटनंच आहेत. पावत्यांचे गठ्ठे काढायला सांगितलं आहे मुनीमजींना.